मांडणीतला इको

काशम्माची भांड्यांची लोखंडी मांडणी करमाळ्याच्या यात्रेत स्टेजवर चढली आणि तिला टाळ्या पडल्या, ही गोष्ट सोलापूरच्या बाळीवेशीत कुणाला सांगितली तर तो आधी काशम्माच्या तोंडाकडे बघतो. काशम्मा मान डोलावते. मग त्याचा विश्वास बसतो. पण मांडणीपर्यंत पोचायचं तर आधी तिच्या मुलाची, शिवयोगीची, परदेशी पेटी बघायला हवी, कारण सगळं वेड तिथून सुरू झालं.

शिवयोगी महापालिकेत जन्ममृत्यूच्या टेबलावर कारकून होता. कोण जन्मलं आणि कोण गेलं एवढंच दिवसभर लिहायचं. मधल्या काळात माणसं काय करतात याच्याशी त्या टेबलाचा संबंध नव्हता. ते मधलं तो संध्याकाळी ऑर्केस्ट्रात भरून काढायचा. अठ्ठ्याहत्तर साली बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मावसभावानं जपानहून एक सिंथेसायझर आणला. काळी, हातभर लांबीची वस्तू, बाजाच्या पेटीसारख्याच पट्ट्या आणि वर बटणांची रांग. एक बटण फिरवलं की बासरी, दुसरं फिरवलं की शिट्टी, आणि चुकीचं फिरवलं की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं काहीतरी. अख्ख्या सोलापुरात अशी दुसरी नव्हती, निदान शिवयोगीचा तरी तसा समज होता. तो तिला उशाशी घेऊन झोपायचा, आणि काशम्मा शेजारणीला सांगायची की पोराचं लग्न झालं, सून वाजते चांगली, फक्त स्वयंपाक करत नाही.

ऑर्केस्ट्राचं नाव चांदतारा, आणि मालक आबासाहेब. आबासाहेब मूळचे करमाळ्याकडचे, बैलांचे व्यापारी. बैल काम नसलं तरी वैरण खातो आणि गायक कार्यक्रम झाल्यावरच जेवतो, असा विचार करून त्यांनी धंदा बदलला होता. धंदा बदलला, नजर बदलली नाही. नवा वादक आला की ते आधी त्याची पाठ बघत. जनावर दावणीला बांधलेलं बघू नये, चालवून बघावं, हे त्यांचं वाक्य सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ढोलक वाजवणारा येडू ते ठेक्यात म्हणून दाखवायचा.

चांदताराला एक विचित्र रोग होता. तालीम व्हायची भद्रावती पेठेत, एका गोदामाच्या माडीवर. खाली कापडाचे माग, डावीकडे माग, उजवीकडे माग, दिवसरात्र खटक-खट, खटक-खट. तिथं तालीम अशी रंगायची की मागावरच्या बायका सुट्टी झाली की घरी जायचं सोडून जिन्यात येऊन बसायच्या. आणि गावाबाहेर कार्यक्रम असला की दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच ज्याचे त्याचे पाय ज्याच्या त्याच्या वाटेला. अक्कलकोटला तर येडू पुढं पळाला, गाणारी हेमावती मागं राहिली आणि शिवयोगी दोघांच्या मध्ये हेलपाटे घालत बसला. लोकांनी शेंगा खाता खाता ते सगळं शांतपणे पाहिलं, आणि तेच जास्त लागलं. मग प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, आणि फिरत फिरत ती सगळी बोटं सगळ्यात नव्या वस्तूवर येऊन थांबली. पेटीवर.

पेटीचा आवाज कोरडा होता, हे मात्र खरंच. बोट उचललं की सूर जागच्या जागी मरायचा. आबासाहेबांनी मग आडपडदा ठेवला नाही. करमाळ्याला कमलाभवानीच्या यात्रेत कार्यक्रम ठरला होता. त्यांचा स्वतःचा मुलूख, पुढच्या रांगेत सासुरवाडी. तिथं ही पेटी डासासारखी गुणगुणली तर तिच्या जागी बार्शीचा महिपती क्लॅरिनेट घेऊन बसेल, आणि शिवयोगीनं खुशाल जन्ममृत्यू सांभाळावेत. शिवयोगी वरवर हसला. पण ऑर्केस्ट्रातली ती खुर्ची गेली तर आपल्याकडे फक्त ते टेबल उरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

औषध हेमावतीनं सांगितलं. हेमावती साखर पेठेतली, आई मागावर काम करणारी, स्वतः शिवणाचा क्लास चालवणारी, आणि बोलायला सुईसारखी. तिनं पुण्यात एका कार्यक्रमात इको मशीन पाहिलं होतं. गाणाऱ्याचा आवाज संपतो, पण त्याची शेपटी हवेत राहते, एकामागून एक. कोरड्या सुराला ते जोडलं की सूर ओला होतो. पेटी बदलू नका, असं ती आबासाहेबांना म्हणाली, तिला फक्त जरा अंगण द्या.

झालं. तेव्हापासून चांदताराला इकोशिवाय दुसरं काही सुचेना. येडू तर हंड्यात तोंड घालून गायला लागला आणि हंडाच घेऊ या म्हणाला.

आबासाहेब आणि शिवयोगी पहिल्यांदा पुण्याला जाऊन आले. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक परदेशी डबी काढली, तळहातावर मावेल एवढी. आवाज खडीसाखरेसारखा. किंमत ऐकल्यावर आबासाहेबांनी डबी हातात घेतली, वर-खाली करून वजन पाहिलं, आणि तोंड पाडून परत दिली. एवढे पैसे मोजायचे तर वस्तू उचलायला दोन माणसं लागली पाहिजेत, खिशात जाते म्हणजे उघड उघड फसवणूक आहे, असं त्यांचं ठाम मत पडलं. दुसरी वस्तू सोलापुरातच मिळाली, एका भजनी मंडळाकडे, लाकडी खोक्यात स्प्रिंगा बसवलेली. ती परवडणारी होती. पण जवळून कुणी चाललं तरी ती गडगडायची, आणि येडू शिंकला तेव्हा तर मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं बाहेरचे पापड आत घेतले. तीही गेली.

तिसरी सापडली सिद्धलिंगप्पाकडे. सिद्धलिंगप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान अशोक चौकाच्या मागं, एका कारखान्याच्या अंगालाच, तिन्ही बाजूंना माग. मुंबईतला कुठलासा बंद पडलेला स्टुडिओ मोडीत निघाला तेव्हा त्यानं हे धूड उचलून आणलं होतं. ट्रंकेएवढं रुंद, चपटं, लोखंडी, आणि दोन्ही बाजूंना कानांसारख्या पट्ट्या, त्यांत भोकं. स्टुडिओत अशी यंत्रं एका उभ्या सांगाड्याला एकावर एक स्क्रूनं बसवतात, त्याला रॅक म्हणतात, असं तो सांगत होता. आबासाहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी दोन्ही कान धरून यंत्र उचलून पाहिलं, ते हललं नाही, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्याला म्हनत्यात जनावर," ते म्हणाले.

मग त्यांनी बैलाचा जबडा उघडावा तसं झाकण उघडलं. आत टेपची एक पट्टी, दोन्ही टोकं जोडून माळेसारखी केलेली, गोल गोल फिरत होती. वाजवलेलं त्या पट्टीवर उमटतं, जरा पुढं गेलं की पुन्हा ऐकू येतं, मग पुन्हा, असं सिद्धलिंगप्पा समजावत होता. पट्टी एकदा तुटली होती, तिला जाड जोड दिलाय, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. पण तोवर शिवयोगीनं वायर लावून एक सूर दाबला होता, आणि मग कोण ऐकतंय.

त्यानं बोट उचललं. सूर मेला नाही. तो उठला, भिंतीपर्यंत गेला, परत आला आणि पुन्हा निघाला. शिवयोगीला पोटातून हसू फुटलं, ते थांबेना. हेमावतीनं माइक ओढून घेतला आणि एक ओळ गायली. ओळ परत आली तशी तिच्यावर दुसरी टाकली, आणि स्वतःच्याच आवाजाशी फुगडी घातल्यासारखी ती गात सुटली. येडूनं एक टिचकी वाजवली तर टिचक्यांची रांग लागली. शेवटी आबासाहेब घसा साफ करून माइकसमोर आले आणि गंभीरपणे आपलं नाव म्हणाले. आबासाहेब, साहेब, साहेब, साहेब, असं ते विरत गेलं. ते त्यांना फारच आवडलं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, मग वडलांच्या नावासकट, मग गावासकट. त्यांना तिथून बाजूला करायला सिद्धलिंगप्पाला चहा मागवावा लागला.

सौदा बैलबाजाराच्या रीतीनं झाला. आबासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून सिद्धलिंगप्पाच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरून भाव सुरू केला. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत; एकेका बोटाला अर्थ असतो, आणि अख्खा पंजा धरून हिसका दिला की सौदा पक्का. रेडिओवाल्याला यातलं काही येत नव्हतं. आबासाहेब त्याचं एक बोट दाबत, तो घाबरून दुसरं पुढं करी. चहा निवून गेला. शेवटी टॉवेलाला जोराचा हिसका बसला आणि आबासाहेब समाधानानं मागं टेकले. आपण नेमकं कशाला हो म्हणालो, हे सिद्धलिंगप्पाला पैसे हातात पडल्यावर कळलं.

आता प्रश्न रॅकचा. सोलापुरात रॅक कुणाकडे असणार? शिवयोगी घरी येऊन जेवायला बसला आणि घास हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघतच राहिला. समोर लोखंडी मांडणी होती. दोन उभ्या पट्ट्या, त्यांना ओळीनं भोकं, त्यावर हंडे, परात, ताटांची रांग. त्यानं उष्ट्या हातानंच उठून वीत लावून बघितली. यंत्राचे कान जणू तिच्याच मापानं घडवले होते.

काशम्मा आधी नाही म्हणाली. मग शिवाची शपथ घालून नाही म्हणाली. मांडणी तिच्या लग्नात तिच्या वडलांनी दिलेली होती आणि तिच्यावरचा हंडा दुसऱ्या कुणी हलवलेलाही तिला चालत नसे. शिवयोगीनं महिपतीचं सगळं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं, आणि सांगता सांगता समोरचं ताट तसंच निवून गेलं. तेव्हा ती उठली आणि ताटं उतरवायला लागली.

"पर एक," ती म्हणाली. "मांडणी जिकडं जाईल तिकडं मी येनार."

अशी मांडणी माडीवर चढली. हंड्यांच्या जागी इको, परातीच्या जागी ॲम्प्लिफायर, खाली वायरींचं भेंडोळं, आणि चमच्यांच्या कप्प्यात येडूची तंबाखूची डबी. यंत्राच्या आजूबाजूला मिरचीच्या पुडीचा वास यायचा, पण सूर असा काही भिजून निघायचा की हेमावती गाता गाता डोळे मिटून घ्यायची. तालमी आधीच रंगायच्या, आता तर बघायलाच नको. आबासाहेब रोज यायचे, आल्या आल्या एकदा माइकवर आपलं नाव म्हणायचे आणि मग खुर्चीत बसायचे.

यात्रेच्या दिवशी टेम्पो दुपारीच करमाळ्याला पोचला. माळावर मांडव पडला होता, पाळणे अजून उभे राहत होते, वारा थांबलेला. सगळं इतकं शांत की येडू खाली उतरल्यावर कानात बोट घालून बघू लागला. आसपास एकही माग नव्हता. शिवयोगीनं मांडणी स्टेजवर नीट उभी केली, इको चालू केला, आणि पेटीला हात लावायच्या आधीच कर्ण्यातून आवाज आला.

खट.

जरा थांबून पुन्हा, खट. पट्टीचा तो जाड जोड फिरत फिरत यायचा आणि दर फेरीला एक ठोका देऊन जायचा. सिद्धलिंगप्पाच्या दुकानात तो ठोका होताच. माडीवरच्या प्रत्येक तालमीतही होता. पण पाळण्यात असल्यापासून मागांची खटखट ऐकलेल्या माणसांना तो ऐकूच आला नव्हता; त्यांच्या कानांना तो आवाज म्हणजे आवाजच नव्हे. आबासाहेब मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

"दावनीला बगितलं," ते टॉवेलाच्या आतून म्हणाले. "चालवून बगितलं न्हाय."

पुढच्या रांगेच्या टोकाला एक सभ्य माणूस मांडीवर क्लॅरिनेटची लांबट पेटी घेऊन बसला होता. तो महिपती. पाहुणा म्हणून आला होता, आणि हा पाहुणा कशासाठी आलाय हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं शिवयोगीला नमस्कार केला. शिवयोगीनंही केला. इको बंद ठेवावा तर पेटीचा डास होणार. चालू ठेवावा तर प्रत्येक गाण्यात कुणीतरी दार वाजवत राहणार. तुझं तू ठरव, असं म्हणून आबासाहेबांनी हात वर केले. शिवयोगीनं विचार करून, म्हणजे खरं तर घाबरून, इको बंद ठेवला.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा माळावर मुंगी शिरायला जागा नव्हती. नमन कसंबसं पार पडलं. दुसऱ्या गाण्यात येडू सुटला. हेमावतीनं वळून त्याच्यावर डोळे वटारले, त्यानं दचकून हात आखडता घेतला, तर तोवर तीच पुढं निघून गेली. शिवयोगी दोघांना गाठायला धावत होता आणि पेटी कोरडी गुणगुणत होती. पुन्हा अक्कलकोटच. आबासाहेबांच्या सासुरवाडीतल्या एका म्हाताऱ्यानं मोठी जांभई दिली. महिपतीनं आपल्या पेटीची एक कडी सोडली, मग दुसरी.

मांडणीला खेटून, स्टेजवरच, गोधडीची घडी करून काशम्मा बसली होती. मांडणी सोडून खाली बसायला तिनं साफ नकार दिला होता. गाणं संपलं, इथंतिथं चार टाळ्या पडल्या, तेवढ्यात तिनं मुलाचा सदरा ओढला.

"ते बंद का केलास रे? दुपारी चालू हुतं तर बरं वाटत हुतं. हितं लई गप हाय, माजं डोस्कं गरगरतंय."

ते शक्य नाही असं सांगायला शिवयोगी वाकला. पण आईचा चेहरा खरोखरच उतरला होता. आपली खुर्ची तर गेलीच आहे, निदान अव्वाला तरी बरं वाटू दे, असं मनात म्हणून त्यानं बटण दाबलं.

खट.

येडूचा हात आपोआप ढोलकावर पडला. खट. माइकपाशी उभ्या असलेल्या हेमावतीची टाच हलली. ती गर्रकन मागं वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शिवयोगीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. आईच्या मागाशेजारी बांधलेल्या झोळीत जी पोर मोठी झाली, तिला आपली झोळी परत सापडली होती.

"आपण रोज मागावरच वाजवतो की," ती त्याला म्हणाली. "गावाबाहेर माग नसतो, म्हणून आपण फुटतो. ह्याला आता हात लावू नकोस."

आणि तिनं बरोबर ठोक्यावर तोंड उचललं. येडू ठोक्यावर आला. शिवयोगीचं बोट ठोक्यावर पडलं, सूर उठला, माळावर लांब पाळण्यांपर्यंत गेला आणि परत आला तोही ठोक्यावर. चांदतारा परगावी पहिल्यांदाच एका पावलानं चाललं. गाणं होतं विरहाचं, पण त्या चालीवर ते उड्या मारत निघालं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. विरहातली बाईच जर नाचायला लागली तर लोकांनी रडायचं कशाला? फेटे उडाले. पाळणेवाल्यांनी पाळणे अडवून धरले आणि वर अडकलेल्यांनीही तक्रार केली नाही. जांभई देणारा म्हातारा उभा राहून काठी आपटत होता, आणि काठीसुद्धा ठोक्यावर. वन्स मोअर, वन्स मोअर, एकच गाणं पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी ते आधीपेक्षा जास्त आनंदी. काशम्मा मांडणीला पाठ टेकून, डोळे मिटून डुलत होती. शिवयोगी वाजवता वाजवता हसत होता, सिद्धलिंगप्पाच्या दुकानात हसला होता तसाच, अगदी पोटातून. इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.

शेवटी आबासाहेबांना राहवेना. ते स्टेजवर आले, घसा साफ केला, आणि आपलं नाव म्हणाले. साहेब, साहेब, साहेब, असं यंत्रानं म्हटलं, आणि मग ते अख्ख्या माळानं म्हटलं. सासुरवाडी तर खुर्च्यांवर उभी राहिली होती.

मांडव रिकामा व्हायला लागला तेव्हा आबासाहेब आधी महिपतीकडे गेले. त्याच्या हातावर टॉवेल पडला, बराच वेळ आत काहीतरी चाललं, मग महिपतीनं हसत हसत पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि स्टेजकडे बघून मान डोलावली. तिथून आबासाहेब शिवयोगीकडे आले. शिवयोगी वायरी गुंडाळत होता. त्यांनी टॉवेल त्याच्या उजव्या हातावर टाकला.

शिवयोगीला बोटांची भाषा येत नव्हती. एक बोट दाबलं तर काय समजायचं, दोन दाबली तर काय, त्याला काही माहीत नव्हतं. टॉवेलाखाली आबासाहेबांनी एकही बोट निवडलं नाही. त्यांनी अख्खा पंजा धरला आणि जोरात हिसका दिला.

एवढं शिवयोगीला कळत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला पुसता आलं नाही, कारण आबासाहेब हात सोडत नव्हते.

परतीच्या टेम्पोत काशम्मानं विचारलं, मांडणी घरी कधी येणार. ती आता ऑर्केस्ट्राची झाली, असं आबासाहेब अदबीनं म्हणाले, आणि तुमच्या भांड्यांसाठी नवी मी स्वतः निवडून आणतो असंही म्हणाले. चालवून बघा, असं येडूनं मागून ठेक्यात सांगितलं, आणि सगळे हसले. काशम्मा हसली नाही. तिनं मांडणीवरची धूळ पदरानं पुसली, जरा विचार केला, आणि पुढचा कार्यक्रम कुठल्या गावाला आहे ते विचारलं.